गाळा क्रमांक 14 चं शटर उघडा: महापालिकांना एक खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त, मा. महापौर, स्थायी समितीचे अध्यक्ष आणि सर्व नगरसेवक,
महाराष्ट्रातल्या 29 महापालिका.

विषय: वस्तीत खाण्यापिण्याचा छोटा धंदा पहिल्यांदा सुरू करणाऱ्यांना जागा आणि प्रारंभीचं अनुदान मिळण्याबाबत.

महोदय, महोदया,

हे पत्र आधी एकाच महापालिकेच्या नावाने लिहायला घेतलं होतं, आमच्या. मग दुसऱ्या शहरांतल्या बचत गटांच्या बायकांशी फोनवर बोलणं झालं. प्रत्येकीची गोष्ट ऐकताना मला पुढचं वाक्य आधीच ठाऊक असायचं. म्हणून आमच्या शहराचं नाव खोडलं आणि पत्ता मोठा केला. ज्यांना हे पत्र आपलं वाटणार नाही, त्यांनी आपल्या मंडईतले बंद गाळे एकदा मोजून यावं.

निमित्त छोटं आहे. आमच्या गटाने अंदाजपत्रकाआधी एक अर्ज दिला होता. वस्तीत पोळीभाजी केंद्र, नाश्त्याच्या गाडीऐवजी गाळा, घरगुती खाणावळ असं काही सुरू करणाऱ्या स्थानिक माणसाला महापालिकेने सुरुवातीला मदत करावी, एवढंच त्यात होतं. चार महिन्यांनी उत्तर आलं, दोन ओळींचं. ‘सदर बाबीसाठी अंदाजपत्रकात तरतूद नाही. अर्जदारांनी स्वनिधी अथवा मुद्रा योजनेचा लाभ घ्यावा.’ खाली सही, जावक क्रमांक, सगळं व्यवस्थित. स्वनिधी काय, मुद्रा काय, दोन्ही केंद्र सरकारच्या कर्जयोजना. आम्ही मागितली होती जागा, तुम्ही पत्ता दिलात बँकेचा.

बँक आम्हाला माहीत आहे. तिचा हप्ता आम्ही आजही भरतो.

मी कोण ते सांगते. वय त्रेपन्न. नऊ वर्षं घरून डबे केले. दोन खोल्यांच्या घरात सकाळी साडेचारला परात घेऊन बसायचं, साडेसातला पहिले डबे बाहेर. आजूबाजूच्या बायकाही अशाच कामाच्या, त्यातून दहा जणींचा गट झाला. आमच्या भागात कामाला जाणाऱ्या बायका खूप, संध्याकाळी सातला बसमधून उतरून घरी कणीक मळायचा कुणाला उत्साह नसतो. डोंबिवली, ठाणे, पुणे इथे पोळीभाजी केंद्रांवर संध्याकाळी रांगा लागतात, त्या आम्ही पाहून आलो होतो. गिऱ्हाईक आहे, हात आहेत, सवय आहे. फक्त गाळा नव्हता.

गाळा भाड्याने घेतला. डिपॉझिट दीड लाख, ते माझ्या आणि आणखी दोघींच्या पाटल्या गहाण टाकून उभं केलं. भाडं महिना 18,000. करार अकरा महिन्यांचा, 1 जूनपासून. मुद्रातून दोन लाखांचं कर्ज मिळालं, त्याबद्दल बँकेला दोष देणार नाही. त्या पैशात ओटा बांधला, पाणी आणि सांडपाण्याचे पाइप टाकले, धूर बाहेर काढायला पंखा आणि धुराडं, भांड्यांच्या मोरीखाली तेल अडवणारा ग्रीस ट्रॅप, व्यावसायिक वीजमीटर. आणि मग आम्ही परवान्याची वाट पाहत बसलो.

जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. सात महिने भाडं भरलं, 1,26,000 रुपये, आणि त्या सात महिन्यांत त्या ओट्यावर एक पोळी लाटली नाही. हप्ता मात्र ऑगस्टमध्येच सुरू झाला होता. जानेवारीत उघडलं. मार्चपर्यंत दिवसाला साडेपाचशे-सहाशे पोळ्या जाऊ लागल्या, भाज्या रात्री आठलाच संपायच्या. धंदा चालला नाही असं कुणी म्हणू नये. एप्रिलअखेर करार संपला आणि मालकाने भाडं 26,000 सांगितलं. आम्ही चार महिन्यांत जे कमावलं होतं ते आधीच्या सात महिन्यांचं भोक बुजवण्यात गेलं होतं. गाळा सोडला.

डिपॉझिट परत आलं, पाटल्या सुटल्या. ओटा मात्र उचलून नेता येत नाही. पाइप, ट्रॅप, धुराडं तिथेच राहिलं. आज आमच्या ओट्यावर दुसऱ्या कुणाचा चहा उकळतो. भाडं 28,000 आहे म्हणे, कारण आता तो ‘तयार किचनचा’ गाळा झालाय. म्हणजे कर्ज आम्ही काढलं आणि भाव मालकाच्या गाळ्याचा वाढला. महिन्याचा हप्ता 4,350. दहा जणींत वाटून 435 प्रत्येकीला. दर महिन्याच्या पाच तारखेला आम्ही ते गोळा करतो, न उरलेल्या केंद्रासाठी.

आता तक्रारी.

पहिली तक्रार कर्जाबद्दल, कारण तुमच्या उत्तरात तेच आहे. पंतप्रधान स्वनिधी योजना 1 जून 2020 ला आली तेव्हा पहिलं कर्ज 10,000 चं होतं, दुसरं 20,000, तिसरं 50,000. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पहिले दोन आकडे 15,000 आणि 25,000 केले, मुदत मार्च 2030 पर्यंत वाढवली. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात 7 टक्के सूट आहे. हातगाडीवाल्याला सावकाराच्या तावडीतून सोडवणारी ही योजना मला मनापासून आवडते. पण तिची शिडी 50,000 ला संपते. गाडीवरून गाळ्यात जायचं तर पन्नास हजारांत डिपॉझिटही होत नाही. शिवाय ती पथविक्रेत्यांची योजना, आम्ही रस्त्यावर कधी बसलोच नव्हतो. मुद्रात मोठी रक्कम मिळते, पण कर्ज ते कर्ज. पहिलं ताट वाढायच्या आधी त्याचा हप्ता उभा राहतो. चालू धंद्याला कर्ज पेलतं. अजून न उघडलेल्या शटरला कर्ज द्यायचं म्हणजे न जन्मलेल्या पोराच्या नावावर उधारी लिहायची.

‘मग अनुदानाच्या योजनाही आहेत की’, असं एका अधिकाऱ्यांनी मला ऐकवलं. आहेत, त्यांच्याकडेही जाऊन आले. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना 2020 मध्ये आली. प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त दहा लाख, आणि बचत गटाच्या सदस्याला 40,000 पर्यंत बीजभांडवल. कागदावर सोन्यासारखी. पण ती प्रक्रिया उद्योगाची आहे, पापड, लोणचं, मसाला. मला तिथे विचारलं, पोळी पॅकबंद करणार की ताटात वाढणार? पॅकबंद केली तर उद्योग, वाढली तर हॉटेल. पोळी तीच हो, माझे हात तेच, नुसतं प्लास्टिक गुंडाळलं की मी उद्योजिका. हसू आलं तेव्हा. आता येत नाही.

दुसरी योजना पंतप्रधान रोजगार निर्मितीची. त्यात शहरी भागातल्या महिलेला 25 टक्के अनुदान आहे. पण ते अनुदान हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत मुदतठेव होऊन पडतं आणि मग कर्जात वळतं होतं. अन्नप्रक्रिया योजनेचंही तसंच. यामागचा विचार मला कळतो, पैसे घेऊन लोक पळू नयेत. पण आमच्यासारख्यांचा धंदा बुडतो तो पहिल्या बारा महिन्यांत. चौथ्या वर्षी मिळणारी मदत जगला त्यालाच मिळते.

याच जागी महापालिका हवी. केंद्र कर्ज देतं, राज्य कधी थाळीला अनुदान देतं. गाळा, नळ, गटार आणि परवाना या चार गोष्टी फक्त तुमच्या हातात आहेत, आणि आमचा धंदा या चारांवरच अडला.

दुसरी तक्रार परवान्याची. ही जरा सविस्तर सांगते, कारण सात महिने म्हटलं की लोकांना वाटतं आम्हीच कागद दिले नसतील.

सगळंच अवघड आहे असं नाही, हे आधी मान्य करते. 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असतील तर नुसती ऑनलाइन सूचना पुरत होती, ते काम एका दुपारी झालं. अन्नसुरक्षेची नोंदणीही झटपट झाली. 2011 च्या नियमांनी लहान व्यावसायिकाची फी वर्षाला 100 रुपये ठेवली होती, दहा जणींत दहा रुपये. अडलं ते महापालिकेच्या आरोग्य परवान्यावर. गाळ्याच्या इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला परवानगी असल्याचा दाखला, आणा म्हणाले. इमारत जुनी, प्रमाणपत्र मालकाकडे नाही, बहुधा कुणाकडेच नाही. मी मालमत्ता कराची पावती नेली. त्यावर तुमच्याच खात्याने त्याच गाळ्याला व्यावसायिक दराने कर लावलेला. म्हणजे कर घेताना गाळा व्यावसायिक आणि परवाना देताना अनधिकृत. हे दोन्ही विभाग एकाच इमारतीत, एक पहिल्या मजल्यावर, एक तिसऱ्या. मधल्या जिन्यात काय होतं देव जाणे.

मग अग्निशमनचा दाखला. मग सोसायटीचं ना हरकत. मग नकाशा, परवानाधारक आर्किटेक्टच्या सहीचा. दर फेरीला एक नवी त्रुटी. जूनमध्ये या सगळ्या त्रुटी एकदम सांगितल्या असत्या तर ऑगस्टमध्ये उघडलं असतं. राज्यात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरल्या मुदतीत सेवा नाही दिली तर अपील करता येतं, अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. पण मुदत मोजायची ती परिपूर्ण अर्जापासून. आमचा अर्ज सात महिने परिपूर्णच होत नव्हता. आणि दोनदा तर अर्जाची तारखेसह पोचही मिळाली नाही, ‘ठेवून जा मावशी, बघतो’ एवढंच. पोच नाही तर मुदत नाही, मुदत नाही तर अपील कशावर करायचं?

एक गोष्ट स्पष्ट करते. स्वच्छतेचे नियम सैल करा असं मी म्हणत नाही. स्वयंपाकघर तपासा, आमची नखं तपासा, पाण्याचा नमुना घ्या, महिन्याला या. लोकांच्या पोटात जाणारी गोष्ट आहे. पण त्या सात महिन्यांत माझ्या स्वयंपाकघरात तपासणीला एकच माणूस आला, तेही डिसेंबरात, आणि दहा मिनिटांत गेला. बाकी सगळा वेळ इमारतीच्या कागदांचा.

तिसरी तक्रार बंद गाळ्यांची. आमच्या केंद्रापासून चार-पाचशे पावलांवर महापालिकेची मंडई आहे. सहा वर्षांपूर्वी बांधली. चोवीस गाळे, त्यांतले अकरा उद्घाटनापासून बंद. गाळा क्रमांक 14 कोपऱ्यावर आहे, शेजारी पाण्याचा नळ, मागे गटाराची लाइन. मी रोज भाजीला जाताना त्याच्या शटरवरची धूळ बघते. पावसाळ्यात खाली गवत उगवतं.

बंद का, तर लिलावाला बोली आली नाही. बोली का आली नाही, तर अनामत रक्कम आणि पायाभूत भाडं ठरवताना समोरच्या हमरस्त्याचा भाव धरला. महापालिका कायद्याच्या कलम 79 मुळे बाजारभावापेक्षा कमीने देता येत नाही, असं मला सांगण्यात आलं. मी कायदा शिकलेली नाही. पण सहा वर्षं शून्य भाडं घेणं हे कोणत्या बाजारभावात बसतं, एवढं कुणी समजावून सांगावं. नवी मंडई बांधायला पैसे लागतात, हे कारण मला पटलं असतं. इथे मंडई बांधून झाली आहे.

पुण्याची मंडई नगरपालिकेने 1886 मध्ये सुरू केली, तेव्हा ती रे मार्केट होती, आज तिला महात्मा फुल्यांचं नाव आहे. शहराने बाजार बांधायचा आणि त्यात लोकांनी धंदा करायचा, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. सार्वजनिक मंडया बांधणं, सांभाळणं हे तर महापालिकांचं बंधनकारक काम. मी काही नवीन मागत नाही.

चौथी तक्रार थोडक्यात. महिला आणि बालकल्याणासाठी तुम्ही 5 टक्के रक्कम राखून ठेवता, त्यातून शिलाई मशीन आणि घरघंटी वाटता. आमच्या गटातल्या एकीला घरघंटी मिळाली, फोटोही छापून आला. आज त्या घरघंटीवर कापड घालून टीव्ही ठेवलाय. दळण दळून द्यायला तिच्या चाळीत जागा नाही, घरगुती मीटर भार घेत नाही, आणि आवाजाने शेजारी भांडतात. यंत्र दिलंत, यंत्र ठेवायची चार बाय सहाची जागा नाही दिलीत.

पाचवी तर तक्रारही नाही, खंत म्हणा. केंद्राने 2023 मध्ये शंभर फूड स्ट्रीटची योजना जाहीर केली, प्रत्येक रस्त्याला एक कोटी. फरशी, दिवे, हात धुवायची सोय, स्वच्छतागृह, कचऱ्याची व्यवस्था, सगळं चांगलंच. पण अशा योजनेसाठी तुम्ही निवडता ती जागा आधीच गजबजलेली. पाहुण्यांना न्यायची. एका रस्त्याच्या कोटीतून वस्तीतले किती गाळे ओटा-नळासह उभे राहतील, हा हिशोब तुमच्याच अभियंत्यांना करायला सांगा.

आता तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. फुकट दिलेलं टिकत नाही, आणि उदाहरण झुणका-भाकर केंद्रांचं.

बरोबर आहे. 1995 मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली, मोक्याच्या जागांवर केंद्रं उभी राहिली, 2000 मध्ये योजना बंद झाली. भाकरी गेली, जागा राहिल्या, आणि पुढे त्यांत काय काय विकलं गेलं ते सगळ्यांनी पाहिलं. माझ्या मते त्यात चूक जागा देण्याची नव्हती. जागा कुणाला दिली ते दाराबाहेर लावलं नव्हतं, मुदत पाळायला लावली नाही आणि वस्तीच्या लोकांना विचारलं नाही, ही चूक होती. दुसरं टोक शिवभोजनाचं. 26 जानेवारी 2020 ला सुरू झालं, गिऱ्हाईक दहा रुपये देणार आणि शहरात सरकार थाळीमागे चाळीस. चांगली योजना, करोनात तिने कितीतरी लोकांना जगवलं. पण केंद्रचालकाचा धंदा दर महिन्याच्या सरकारी बिलावर टांगलेला. बिल थकलं की वाण्याची उधारी थकते. केरळात कुटुंबश्री या बचत गटांच्या सरकारी उपक्रमातल्या बायकांनी 2020 मध्ये वीस रुपयांत जेवण देणारी जनकीय हॉटेलं चालवली. तिथेही थाळीमागचं दहा रुपयांचं अनुदान 2023 मध्ये थांबलं. स्थानिक संस्थांनी दिलेली जागा मात्र थाळीच्या बिलासारखी महिन्याला थकत नाही. म्हणून म्हणते, आम्हाला थाळीमागे पैसे नकोत. आमच्या पोळीची किंमत गिऱ्हाईक देईल. तुम्ही चूल मांडायला जागा द्या.

दुसरं उदाहरण तुम्ही लिज्जतचं द्याल, प्रत्येक भाषणात असतंच. 15 मार्च 1959, गिरगाव, सात बायका, 80 रुपयांचं कर्ज. कर्जावरच झालं ना सगळं! हो. पण त्या पापड वाळत घालायच्या कुठे? इमारतीच्या गच्चीवर. गच्चीला डिपॉझिट नव्हतं, अकरा महिन्यांचा करार नव्हता. 80 रुपयांचं कर्ज सगळ्यांच्या लक्षात राहिलं, गच्ची कुणाच्या लक्षात राहिली नाही.

आणि गिरणगावातल्या खाणावळवाल्या आठवा. गिरणी कामगारांना महिनाभर उधारीवर जेवू घालणाऱ्या बायका, स्वतः वाण्याच्या आणि सावकाराच्या कर्जात. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून त्यांना बँकेच्या दारापर्यंत नेलं. बँकांनी कर्ज दिलं आणि बायकांनी फेडलं. त्यांनाही चूल मांडायला भाड्याचा गाळा लागला नाही, घरातच खाणावळ होती. आज दहा बाय दहाच्या खोलीत चाळीस जणांचा स्वयंपाक करायला गेलं तर परवाना मिळत नाही, आणि मिळूही नये. नियम बदलले, ते चांगल्यासाठी बदलले. पण घरातून चूल बाहेर काढा म्हणताना ती कुठे मांडायची ते कुणी सांगितलं नाही.

बाहेर हे होतं. सिंगापूरने रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांना सरकारी हॉकर सेंटरांत आणलं. तिथे 2018 पासून नवख्या विक्रेत्यांसाठी उमेदवारीचे गाळे आहेत. उपकरणं आधीच बसवलेली आणि सुरुवातीचे काही महिने भाडं निम्मं. जमलं तर पुढे चालवा, नाही जमलं तर गाळा दुसऱ्या नवख्याला. आपली महापालिका सिंगापूर नाही हे मला ठाऊक आहे. गाळा क्रमांक 14 सुद्धा काही सिंगापुरात नाही.

मागण्या सांगते. आम्ही दहा जणींनी बसून लिहिल्या आहेत.

महापालिकेच्या मंडईतले आणि व्यापारी संकुलांतले जे गाळे दोन वर्षांहून जास्त काळ बंद आहेत, त्यांची प्रभागवार यादी एका महिन्यात जाहीर करा. यादीला पैसे लागत नाहीत.

त्यांतले किमान निम्मे गाळे त्याच प्रभागातल्या पहिल्यांदा खाद्य व्यवसाय करणाऱ्यांसाठी राखून ठेवा. लिलाव नको. पात्र अर्जांतून सर्वांसमोर सोडत काढा. मुदत तीन वर्षं, त्यानंतर गाळा सोडायचा किंवा पूर्ण भाड्याने घ्यायचा. पहिले सहा महिने भाडं माफ, पुढचं वर्ष निम्मं, मग पूर्ण. कायद्याची अडचण असेल तर सभागृहात ठराव करून राज्य सरकारकडे दुरुस्ती मागा. मालमत्तेचे नियम याआधीही बदलले आहेत.

ओटा, मोरी, नळजोड, ग्रीस ट्रॅप, धुराडं, वीजमीटर आणि आगीपासून बचावाची साधनं महापालिकेने स्वतः बसवावीत. आमच्यासाठी ही सगळ्यांत मोठी मागणी आहे आणि तुमच्यासाठी सगळ्यांत सुरक्षित. धंदा बुडाला तरी ओटा तुमचाच राहतो, पुढची बाई त्याच ओट्यावर उभी राहते. अनुदान लाटलं असं म्हणायला जागाच नाही, भिंतीत गाडलेला पाइप कोण लाटणार?

ज्यांना मंडईत गाळा मिळणार नाही आणि खासगी गाळा घ्यावा लागेल, त्यांना प्रारंभ अनुदान द्या. रोख नको. परवान्याची फी, मीटरची अनामत, अग्निशमनाची साधनं यांची रक्कम थेट त्या-त्या खात्यात जमा करा. आणि ते पहिल्या महिन्यात, चौथ्या वर्षी नाही. सुरुवातीला महिला आणि बालकल्याणाच्या रकमेतला एक हिस्सा वळवला तरी चालेल. दोन-चार घरघंट्या कमी वाटा.

खाद्य व्यवसायाच्या परवान्यासाठी एकच खिडकी, आणि सगळ्या त्रुटी पहिल्या पंधरा दिवसांत एकाच पत्राने कळवाव्यात. त्या पत्रात नसलेली त्रुटी नंतर काढता येऊ नये. ज्या गाळ्याला तुम्ही व्यावसायिक कर लावता, त्याला स्वयंपाकघराची आणि आगीची तपासणी करून तात्पुरता परवाना द्या.

कुणाला गाळा मिळाला, कुणाला अनुदान, किती मुदतीसाठी, हे प्रभाग कार्यालयाच्या दारावर मोठ्या अक्षरात लावा. अर्जाला नगरसेवकाच्या शिफारसपत्राची अट नको, आणि पत्र जोडलंच तर तो अर्ज बाद करा. हे वाचून काही सन्माननीय सदस्यांना राग येईल, त्यांनी माफ करावं.

नगर पथविक्रेता समितीतल्या विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना या योजनेत बसवा. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना समितीत 40 टक्के जागा दिल्या आहेत, त्यातल्या एक तृतीयांश महिलांना. गाडी सोडून गाळ्यात यायची तयारी कुणाची आहे हे तुमच्या सर्वेक्षणापेक्षा त्यांना जास्त कळतं. आणि हे करताना गाडीवाल्यांना हटवायचं निमित्त म्हणून ही योजना वापरू नका. आम्ही त्यांच्या पोटावर पाय देऊन गाळा मागत नाही. ज्यांना गाडीच बरी वाटते त्यांची गाडी राहू दे.

पैशाचं म्हणाल तर आधी रस्ते, आधी पाणी, हे मलाही पटतं. माझ्या घरीही पाणी दिवसाआड येतं. पण बंद गाळ्याचं भाडं आज तुम्हाला शून्य मिळतं. सहा महिने माफ करूनही ते शून्यच राहील, सातव्या महिन्यापासून निम्मं येईल. या हिशोबात महापालिकेचं नुकसान कुठे आहे ते मला तरी सापडलं नाही. लेखापरीक्षकांना सापडलं तर जरूर कळवावं.

2022 पासून बऱ्याच महापालिकांत नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. तेव्हा कुणाला विचारलं की उत्तर यायचं, धोरणात्मक निर्णय आहे, सभागृह आल्यावर बघू. आता सभागृह आहे. प्रचारात आमच्या गल्लीत आलेल्या प्रत्येकाने ‘महिला सक्षमीकरण’ हा शब्द उच्चारला, काहींनी आमच्याच हातची पोळी खाऊन उच्चारला. त्यांना मी विसरलेले नाही.

येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता आम्ही दहा जणी प्रभाग कार्यालयात जाणार आहोत. गाळा क्रमांक 14 साठी लेखी अर्ज, सोबत गटाचं नोंदणीपत्र, अन्नसुरक्षा नोंदणी, चार महिन्यांच्या विक्रीची वही आणि आजवर भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या. मोर्चा नाही, घोषणा नाहीत, दुपारच्या डब्यांची तयारी करून येणार आहोत, एकच्या आत परत जायचंय.

अर्जाची पोच मात्र तारीख घालून द्या.

आपली,
दहा जणींच्या बचत गटातली एक